तारेपलीकडचं अफरवट

काश्मीर सहलीहून परतलेल्या मराठी घरात गुलमर्गच्या गंडोलातला, म्हणजे तारेवरून सरकणाऱ्या डब्यातला फोटो हमखास असतो. पर्यटक वर जातात, बर्फात खेळतात आणि थंडी सोसवेनाशी झाली की त्याच डब्यातून खाली येतात. स्नोबोर्डवाले मात्र परतीच्या रांगेकडे फिरकत नाहीत. त्यांच्यासाठी गंडोला म्हणजे फक्त वर जायची सोय.

फ्रान्सच्या पोमागाल्स्की कंपनीचा हा प्रकल्प अशांततेच्या काळात रखडला. गुलमर्ग ते कोंगडोरी हा टप्पा 1998 मध्ये सुरू झाला आणि अफरवट पर्वताच्या खांद्यापर्यंतचा, 13 हजार फुटांच्या पार नेणारा, 2005 मध्ये.

या यंत्रातली पाहत राहावी अशी गोष्ट म्हणजे डब्याच्या माथ्यावरची पकड. वाहतूक चालू असताना तार अखंड फिरत असते. डबा वाहून नेणारी आणि ओढणारी तीच. पकडीचा जबडा स्प्रिंगांच्या जोरावर तिला घट्ट आवळून धरतो. स्थानकात शिरताना पकडीचा दांडा एका पट्टीवर चढतो, स्प्रिंगा दबतात, जबडा उघडतो आणि डबा तारेपासून सुटतो. पुढे रबरी चाकांची रांग त्याचा वेग कमी करते. माणसं चढली की तशीच चाकं त्याला तारेच्या वेगाला आणून सोडतात आणि जबडा पुन्हा मिटतो. दर डब्याला, दर फेरीला हेच. विजेवर नव्हे, स्प्रिंगांवर टिकणारी ही पकड मोठ्या हुशारीची आहे.

वर पोचल्यावर खरा कस लागतो. स्नोबोर्डवर दोन्ही पाय एकाच फळीला आडवे बांधलेले. वळायचं ते टाचेच्या किंवा चवड्याच्या कडेवर भार देऊन. स्कीवाल्याच्या हातात काठ्या असतात, स्नोबोर्डवाल्याच्या नसतात. सपाटी आली की मागचा पाय सोडवून रेटत जावं लागतं. पण खोल, भुसभुशीत बर्फात हीच रुंद फळी तरंगते आणि अफरवटवर तसा बर्फ मुबलक असतो. तिथून देवदारांच्या रानातून थेट टंगमर्गपर्यंत उतरणारेही आहेत.

गंडोलाजवळच्या उतारावर गस्तीपथक स्फोटकांनी धोकादायक बर्फ आधीच पाडून टाकतं. त्या हद्दीबाहेर प्रत्येकानं आपापली जबाबदारी घ्यायची: अंगावर संदेशयंत्र, पाठीवर फावडं आणि शोधकाठी. फेब्रुवारी 2023 मध्ये अफरवटवरच्या हिमस्खलनात दोन पोलिश स्कीपटू गेले. पुढच्याच फेब्रुवारीत, खाली खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा चालू असताना, एक रशियन स्कीपटू गेला.

आता बर्फच वेळेवर येईनासा झालाय. जानेवारी 2024 मध्ये, ऐन चिल्लई कलानमध्ये, म्हणजे काश्मीरच्या सर्वात कडक थंडीच्या काळात, गुलमर्गची कुरणं उघडी पडली होती. 2025 मध्ये खेलो इंडियाच्या फेब्रुवारीतल्या स्पर्धा पुढे ढकलाव्या लागल्या. त्या मार्चमध्ये झाल्या. प्रशिक्षक, स्लेज ओढणारे, बोर्ड भाड्यानं देणारे, सगळ्यांची कमाई या मोजक्या आठवड्यांची.

कमी बर्फ म्हणजे कमी धोका, असंही नाही. थर पातळ असला आणि वर कडाक्याची थंडी असली की जमिनीची ऊब त्यातून वर झिरपते आणि तळाचे कण साखरेसारखे सुटे होतात. त्यावर एका रात्रीत जाड बर्फ पडला, वाऱ्यानं दाबून घट्ट झाला, की वरची लादी निसटायला एका बोर्डाचं वजनही पुरतं. वरून काहीच दिसत नाही. म्हणून गस्तीवाले उतारात खड्डा खणतात, बर्फाचा उभा छेद घेतात, एकेक थर बोटांनी दाबून पाहतात. आणि उशिरा आलेल्या बर्फाच्या वर्षी तर हा खड्डा अधिकच वेळा खणावा लागतो.