परदेशी जाताय? ‘चालेल’ म्हणायची सवय घरीच ठेवा!

परदेशी जायचे ठरले की घरात पहिली धावपळ सुरू होते ती सामानाची. मेतकूट किती न्यायचे, गोडा मसाला कशात बांधायचा, कुकरची रिंग जादा घ्यायची का, याच्या याद्या होतात. मिस्टरांच्या ऑफिसचे कागद, मुलांचे दाखले, लोकरीचे कपडे, सारे आठवणीने भरले जाते. पण एक गोष्ट यादीत नसतानाही आपल्याबरोबर जाते, आणि तिथे तीच सगळ्यांत जड होते. ती म्हणजे आपली ‘चालेल, चालेल’ म्हणायची सवय!

मैत्रिणींनो, मी चार वर्षे जर्मनीत स्टुटगार्टला राहून आले. आता पुण्यात आठवड्यातून तीन दिवस जर्मन भाषेचे वर्ग घेते. वर्गात निम्म्याहून जास्त लग्न झालेल्या मुली. कुणी नवऱ्याबरोबर निघालेली, कुणी स्वतःच्या नोकरीवर. व्याकरणाच्या शंका संपल्या की हळूच खरा प्रश्न येतो, “बाई, तिथे निभेल ना हो?” निभेल. पण कसे, ते ऐका.

ऑफिसात ‘हो’ म्हणण्याआधी

जर्मनमध्ये आपल्या ‘तुम्ही’ आणि ‘तू’सारखेच ‘झी’ आणि ‘डू’ आहे, त्यामुळे मराठी बाईला ते चटकन उमगते. अनोळखी माणसाला ‘झी’ म्हणायचे. ‘आपण डू म्हणू या का?’ असे वयाने किंवा हुद्द्याने मोठ्या माणसाने आपणहून विचारायचे, ही जुनी रीत. हल्ली पुष्कळ ऑफिसांत पहिल्या दिवसापासून ‘डू’ असते. समोरचा काय म्हणतो ते ऐकावे, म्हणजे झाले.

अवघड आहे ते वेगळेच. आपल्याकडे साहेबांनी काम सांगितले की आधी ‘हो’ म्हणायचे आणि मग कसेबसे जमवायचे. तिथे ‘शुक्रवारी देते’ म्हटले की ते काम शुक्रवारी व्हायलाच हवे. जमणार नसेल तर सोमवारीच तसे सांगावे. त्याला कुणी उद्धटपणा म्हणत नाही. उलट शुक्रवारी संध्याकाळी सांगितले तर विश्वास उडतो. आणि मीटिंगमध्ये आपण गप्प बसलो, तर आपल्याला सगळे पटले आहे असेच धरले जाते.

माझी एक विद्यार्थिनी तिथे एका कंपनीत हिशेबाच्या कामावर लागली. सगळे पाचला उठायचे आणि ही साडेसातपर्यंत बसायची. वाटले होते, साहेब शाबासकी देतील. साहेबांनी बोलावून विचारले, “काम फार दिले आहे, की तुम्हाला वेळेत होत नाही?” बिचारीला फार लागले. पण दुसऱ्या दिवशी तिने अंगावरच्या सगळ्या कामांची यादी करून समोर ठेवली. त्यातली दोन कामे त्यांनी तिथल्या तिथे दुसऱ्याकडे दिली. आठवडाभर मनात कुढून जे झाले नसते, ते दहा मिनिटांत झाले.

यामागे तिथला विचार आहे. १९९४ च्या कायद्याने तिथे दिवसाचे काम सर्वसाधारणपणे आठ तासांचे ठरवले आणि दोन दिवसांच्या कामामध्ये अकरा तासांची विश्रांती ठेवली. काम संपल्यानंतरच्या वेळेला त्यांचा खास शब्दच आहे, ‘फायरआबेंड’. तो वेळ घराचा. रोज उशिरा बसणाऱ्याचे त्यांना कौतुक वाटत नाही, काळजी वाटते.

आणखी एक गंमत. वाढदिवस ज्याचा, त्यानेच ऑफिसात केक न्यायचा. मात्र कुणालाही आदल्या दिवशी शुभेच्छा देऊ नका. ते अशुभ मानतात!

बंद दाराआडचे घर

स्टुटगार्टच्या भागात ‘केरवोखे’ नावाची रीत आहे. आपला ‘केर’ त्या नावात आयताच सापडतो! ज्यांची पाळी त्यांच्या दाराला एक पाटी अडकवतात. त्या आठवड्यात जिना, अंगण त्यांनी झाडायचे आणि मग पाटी शेजारच्या दाराला. पाटी आली की घाबरू नका. जिन्यात झाडू हातात असताना जेवढ्या ओळखी होतात, तेवढ्या एरवी होत नाहीत.

घरे अगदी बंदिस्त असतात. आपल्या शिजवण्याची वाफ भिंतींवर जमून बुरशी धरते. म्हणून हिवाळ्यातसुद्धा दिवसातून दोन-तीनदा खिडक्या सताड उघडून पाच-दहा मिनिटे हवा खेळू द्यावी. फोडणीच्या वेळी लोकरीचे कोट बंद कपाटात असू द्यावेत, वास लवकर जात नाही. रविवारी बहुतेक दुकाने बंद, तेव्हा दूध-भाजी शनिवारीच आणावी. आणि श्रीखंडासाठी हळहळू नका. ‘क्वार्क’ आणून रात्रभर फडक्यात टांगला की झाला चक्का!

हे सारे शिकता येते. पण डिसेंबरात साडेचारलाच अंधार पडतो. मिस्टर ऑफिसात, मुले शाळेत, आणि घरात आपण एकट्या. आईचा फोन आला की “छान चाललंय गं” म्हणतो आणि फोन ठेवला की डोळे भरतात. नोकरी करणारीचे दुखणे निराळे. मदतीला कामवाली नाही, सासूबाई नाहीत. ऑफिस सुटले की मुले, स्वयंपाक, भांडी, कपडे, सगळे तिचेच, कारण इथूनच ‘चालेल’ म्हणत ती गेलेली असते.

म्हणून घरातली वाटणी तोंडाने बोलूनच करावी. कोण मुलांना आणणार, कोण रात्री भांडी लावणार, ते पहिल्याच महिन्यात ठरवावे. तिथल्या बायकांनाही सगळे आयते मिळालेले नाही बरे का! पश्चिम जर्मनीच्या कायद्यात १९७७ पर्यंत असे होते, की घर सांभाळणे हे पत्नीचे काम आणि संसाराच्या कर्तव्यांत बाधा येत नसेल तरच तिने नोकरी करावी. मग २००१ च्या कायद्याने पंधराहून जास्त माणसांच्या ठिकाणी सहा महिने काम झालेल्यांना तास कमी करून मागायचा हक्क मिळाला. पण मागायचे आपल्यालाच असते. आपणहून कुणी विचारत नाही.

निघण्यापूर्वी

मिस्टर ‘ब्लू कार्ड’वर जाणार असतील, तर पत्नीला व्हिसासाठी जर्मनची परीक्षा लागत नाही, आणि तिला तिथे नोकरीही करता येते. पण परीक्षा नाही म्हणून भाषा सोडू नका. दवाखाना, शाळा, शेजार, सगळ्यांची किल्ली तीच.

माझ्या वर्गात मी तीन वाक्ये आधी पाठ करून घेते. ‘दास हाबे इश निश्ट फेर्श्टांडन’, मला हे समजले नाही. ‘दास शाफे इश निश्ट’, मला हे जमणार नाही. ‘इश ब्राउखे हिल्फे’, मला मदत हवी आहे. उच्चार आठवड्याभरात बसतात. तोंडातून निघायला मात्र आपल्याला वेळ लागतो. तेव्हा निघायला महिना-दोन महिने असतील, तर आजपासूनच सराव करा. घरच्या घरी, मराठीत!