वरातीमागून रॉयल्टी

भाच्याने मोबाइलवर काढलेलं साखरपुड्याचं शूटिंग परवा त्याच्याच नव्या लॅपटॉपवर उघडेना. आवाज येतो, चित्र नाही. एच-२६५ हे व्हिडिओचं तंत्र हवं असेल तर वेगळे पैसे भरा, अशी पाटी. तेव्हापासून डोक्यात पेटंट आणि रॉयल्टीची जुनी भुणभुण सुरू आहे.

ऐंशीचं दशक मी फारसं उगाळत नाही. आमच्या पाथर्डीत ‘व्हिडिओ आणला’ म्हणजे भाड्याचा टीव्ही, व्हीसीआर आणि रात्रभर तीन पिक्चर. चित्राला मुंग्या आल्या की कोरी नोट स्पिरिटमध्ये बुडवून हेड पुसायचं. जेव्हीसी कंपनीने आपलं व्हीएचएस तंत्र इतर कंपन्यांनाही वापरू दिलं, सोनीचा बीटामॅक्स मागे पडला. संपलं.

खरी मजा दोन हजारनंतरची, डीव्हीडीची. लग्नाचं मिक्सिंग नगरहून होऊन यायचं. ऊसतोडीचा पट्टा पडला, हिशेब झाला की गावी परतलेल्या टोळ्यांतली पोरं बाजारातून डीव्हीडी प्लेअर घ्यायची. डब्यावरचं नाव कुणी वाचत नसे. दिल्लीकडे कुठेतरी जुळवलेला माल. आतल्या चिपचं पेटंट कुणाचं, हे दुकानदारालाही ठाऊक नसे.

ते फिलिप्सचं होतं. डिस्कवरचे १६ बिट उलगडून पुन्हा ८ करण्याचं तंत्र. कंपनीने २००९ मध्ये प्लेअर जुळवणाऱ्या दोघांना दिल्ली उच्च न्यायालयात खेचलं. चिपा परवानाधारकांकडूनच घेतल्या, असं ते म्हणाले, पण पुरावा देऊ शकले नाहीत. त्यातला एकजण पूर्वी फिलिप्समध्येच नोकरीला होता, त्याला ५ लाखांचा दंड वेगळा. चोरी ती चोरीच, तिथे माझी तक्रार नाही.

तक्रार पुढे आहे. न्यायालयाने रॉयल्टी ठरवली ती मे २०१० पर्यंत प्रत्येक प्लेअरमागे ३.१७५ डॉलर, नंतर १.९० डॉलर. पहिला दर म्हणजे तेव्हाचे दीडशे रुपये. स्वस्त मालाच्या नफ्यात एवढी जागा असते का? आणि निकाल लागला जुलै २०१८ मध्ये! पेटंटची मुदत फेब्रुवारी २०१५ लाच सरलेली, पोरांचे प्लेअर भंगारवाल्याकडे गेलेले. हा वेळ परवडतो फक्त मोठ्यांना. अमेरिकेत टीव्ही रेकॉर्ड करणारं यंत्र बनवणाऱ्या टिवोने एकोस्टार कंपनीशी पेटंटवरून २००४ ते २०११ झुंज दिली आणि शेवटी ५० कोटी डॉलरवर मिटवलं. दोघांच्याही खिशात वकील पोसण्याची ताकद होती. आपल्याकडचा जुळवाजुळव करणारा पहिल्या दोन तारखांतच गार होतो.

वसुली करायची तर चिप बनते तिथेच, एकदाच करा. साखळीतल्या शेवटच्या माणसाची मानगूट कशाला? पण उलटंच चाललंय. भाच्याच्या त्या एच-२६५ चे परवाने द्यायला तीन-तीन गट निघाले, आणि या गटांना पैसे मोजले तरी कुठल्याच गटात नसलेले पेटंटवाले दारात उभे राहतात ते वेगळेच.