जास्वंदीवरचा पट्टेरी पाहुणा

श्रावण-भाद्रपदात परसातल्या जास्वंदीवर किंवा भेंडीच्या पिवळ्या फुलांवर एक भुंगेरा तुम्ही नक्की पाहिला असेल. पेरभर लांब, काळ्या पंखांवर नारिंगी पट्टे. पूजेची फुलं तोडायला जावं, तर स्वारी आरामात पाकळ्या कुरतडत बसलेली! माणूस जवळ आला तरी उडायची घाई म्हणून नाही.

ही बेफिकिरी उगाच नाही, बरं का! शेतकरी ज्याला ‘हिंगे’ म्हणतात तो हाच. त्याच्या अंगात कॅन्थरिडीन नावाचं विष असतं आणि भडक रंग ही पक्ष्यांना दिलेली तंबी असते. डिवचला, की तो पायांच्या सांध्यांतून पिवळसर रस सोडतो. रोबिके या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८१० साली हे द्रव्य अशाच एका युरोपीय भुंगेऱ्यातून वेगळं काढलं. गंमत म्हणजे ते मुख्यतः नर तयार करतो, मीलनाच्या वेळी मादीला देतो आणि मादी त्याचा लेप अंड्यांना देते. लेकरांसाठी बापाने दिलेली पुंजीच म्हणा ना!

हा रस कातडीला लागला तर लगेच काहीच जाणवत नाही. काही तासांनी मात्र पाण्याने भरलेला टपोरा फोड येतो. ‘काहीतरी चावलं’ असं आपण म्हणतो. पण तो चावलेला नसतोच!

म्हणून एवढं करा. अंगावर बसला तर चिरडू नका, फुंकरीने उडवा. रस लागलाच तर साबणाने भरपूर धुवा. तो हात डोळ्यांना लावू नका. फोड फोडू नका. बहुधा तो व्रण न ठेवता बरा होतो. डोळ्यात रस गेला तर पाण्याने धूत राहा आणि डॉक्टर गाठा. मुलाने भुंगेरा तोंडात घातला, तर क्षणाचाही विलंब न लावता इस्पितळात न्या. पोटात गेलेलं हे विष मूत्रपिंडांवर घाला घालतं. दूध-तूप-तेल पाजू नका; स्निग्ध पदार्थाने ते अंगात लवकर भिनतं.

मेलेला, वाळलेला भुंगेराही तितकाच विषारी. तेव्हा केस वाढावेत म्हणून तो तेलात उकळण्याचा घरगुती उपाय कुणी सुचवला, तर हात जोडा! हेच द्रव्य मोजून-मापून त्वचेवरच्या एका विषाणुजन्य पुटकुळीवर वापरायला अमेरिकेत २०२३ साली मान्यता मिळाली. पण ते काम डॉक्टरांचं.

आणि हो, दिसला की मारायलाच हवा असंही नाही. त्याच्या अळ्या जमिनीत नाकतोड्यांची अंडी फस्त करतात. फुलं तोडताना आधी पाकळ्यांत डोकवावं, मगच हात घालावा, एवढं पुरे!