लिंग: शब्दाचं आणि जिवाचं

‘घार’ स्त्रीलिंगी, ‘गरुड’ पुल्लिंगी, ‘कासव’ नपुंसकलिंगी. व्याकरणातलं लिंग नामाला चिकटलेलं असतं. नर असला तरी आपण ‘ती घार’च म्हणतो. जीवशास्त्रात मात्र लिंग ठरतं जननपेशींवरून: मोठी अंडपेशी तयार करणारी मादी, इवलीशी शुक्रपेशी तयार करणारा नर.

पण जीव नर होणार की मादी, हे कशामुळे ठरतं, याबाबतीत सगळ्यांत विलक्षण मला कासवं वाटतात. रत्नागिरी जिल्ह्यात वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. पिल्लू नर होणार की मादी, हे गुणसूत्रं नव्हे, तर उबवणीच्या मधल्या काळातलं वाळूचं तापमान ठरवतं. वाळू गरम असेल तर माद्या जास्त, थंड असेल तर नर. किनारे असेच तापत राहिले तर नर कमी पडतील, ही भीती खरी आहे.