भेट द्यायचा सुटा चहा

देवळाली प्रवराचा परिसर उसाचा. इथं दूध-साखर घालून उकळलेला चहाच जास्त चालतो. त्यामुळे सुटा चहा भेट देताना आधी घेणाऱ्याच्या घरची सवय बघा. दुधाच्या चहासाठी आसामचा दाणेदार (सीटीसी) चहा घ्या. कोरा चहा पिणाऱ्यांना दार्जिलिंगची अखंड पानं द्या. दार्जिलिंगला २००४ साली भारतातलं पहिलं भौगोलिक मानांकन मिळालं. दार्जिलिंगच्या पुड्यावर हाती चहाची पानं धरलेल्या स्त्रीचं चिन्ह बघून घ्या. चिमूटभर चहा तळहातावर घ्या: भुकटी कमी आणि वास ताजा हवा. तो ओल्या टिपकागदावर ठेवल्यावर रंगाचे डाग उमटले, तर भेसळीची शंका घ्या. शंभर ग्रॅम पुरे, पण डबा घट्ट झाकणाचा द्या. उकळायचा की नुसता मुरवायचा, तेही सोबत लिहून द्या.