कार्यालयीन संगणक जाळ्यातील सामायिक फोल्डरच्या अडचणी : कारणमीमांसा व निवारण

प्रस्तावना

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ तालुक्यात पूर्णा नदीवर सिद्धेश्वर धरण आहे. वरच्या येलदरी धरणात साठवलेले पाणी नदीतून सिद्धेश्वरला येते आणि तेथून कालव्यांच्या वाटेने परभणी, हिंगोली व नांदेड या जिल्ह्यांतील शेतांकडे जाते. मुख्य कालवा, शाखा कालवा, वितरिका आणि शेवटी शेतचारी असा या पाण्याचा प्रवास आहे. टेलच्या शेतकऱ्याला पाणी मिळाले नाही, तर 'पाणी आले नाही' एवढेच त्याला दिसते. धरणात साठाच नाही, दार बंद आहे, वितरिका गाळाने भरली आहे की पाळी दुसऱ्याची आहे, हे त्या एका वाक्यातून कळत नाही. त्यासाठी वाटेवरचा प्रत्येक टप्पा क्रमाने पाहावा लागतो.

कार्यालयातील संगणकांच्या जाळ्यातही हेच घडते. प्रवेशाची यादी, अंतर्गत गुणांचे तक्ते, वेतन देयके, नॅकच्या अहवालासाठी विभागांनी जमवलेली माहिती असे साहित्य एका संगणकावरील फोल्डरमध्ये ठेवून इतरांना ते उघडता येण्याची सोय बहुतेक महाविद्यालयांत असते. ती सोय एखाद्या सकाळी बंद पडते आणि पडद्यावर 'नेटवर्क पाथ सापडत नाही' किंवा 'प्रवेश नाकारला आहे' असा संदेश उमटतो. अंतिम तारीख जवळ आलेली असते, प्राचार्यांच्या कक्षातून विचारणा होत असते. अशा घाईत सर्वांना सर्व अधिकार देऊन वेळ निभावून नेली जाते. टेलला पाणी मिळावे म्हणून कालवा फोडण्यासारखाच हा उपाय आहे. त्याने पाणी मिळते, पण कालव्याची व्यवस्था मोडते.

लेखाची उद्दिष्टे

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :
१) फोल्डर सामायिक होण्याच्या प्रक्रियेतील टप्पे स्पष्ट करणे.
२) वारंवार आढळणाऱ्या त्रुटींचे टप्प्यांनुसार वर्गीकरण करणे.
३) सुरक्षितता न गमावता त्रुटी दूर करण्याचा क्रम सुचविणे.

विवेचन विंडोज प्रणालीपुरते मर्यादित ठेवले आहे.

सामायिकीकरणाची रचना

एका संगणकावरील फोल्डर दुसऱ्या संगणकावर उघडण्यासाठी पाच गोष्टी जुळून याव्या लागतात. पहिली, दोन्ही संगणकांमध्ये जोडणी असणे. दुसरी, ज्या संगणकाकडे जायचे त्याच्या नावावरून त्याचा पत्ता सापडणे. तिसरी, त्या संगणकाचे दार उघडे असणे आणि दोघांना एकच भाषा येणे. चौथी, येणाऱ्याची ओळख पटणे. पाचवी, ओळख पटलेल्या व्यक्तीस त्या फोल्डरचा अधिकार असणे. येथे 'भाषा' म्हणजे 'सर्व्हर मेसेज ब्लॉक' हा शिष्टाचार होय. त्याचे संक्षिप्त नाव एसएमबी असून तो टीसीपी पोर्ट ४४५ वरून चालतो.

हे टप्पे एकावर एक रचलेले आहेत. खालचा टप्पा पक्का नसताना वरच्या टप्प्याची दुरुस्ती करणे व्यर्थ ठरते. केबल निघालेली असताना परवानग्या बदलत बसणे हा याच प्रकारचा व्यर्थ खटाटोप होय.

त्रुटींचे वर्गीकरण व कारणमीमांसा

१) जोडणी : वीज जाऊन परत आल्यावर राउटर संगणकांना नवे आयपी पत्ते वाटू शकतो. काल ज्या पत्त्यावर फोल्डर होते तो पत्ता आज दुसऱ्याच संगणकाकडे गेलेला असतो. आयपी पत्त्यावर आधारलेले शॉर्टकट त्यामुळे निकामी होतात. फोल्डर ठेवणाऱ्या संगणकाचा पत्ता राउटरमध्ये राखून ठेवणे हा यावरील कायमचा उपाय आहे. संगणकाचा पत्ता १६९.२५४ या अंकांनी सुरू होत असेल, तर त्याला राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही असे समजावे. कार्यालय आणि ग्रंथालय यांना वेगवेगळे राउटर असल्यास दोन वेगळी जाळी तयार होतात आणि एकाच इमारतीतील संगणक परस्परांना अनोळखी राहतात. फोल्डर असलेला संगणक निद्रावस्थेत गेला असणे, हे अगदी साधे कारणही अनेकदा दुर्लक्षित राहते.

२) नाव : 'रन' चौकटीत दोन उलट्या तिरक्या रेषा देऊन पुढे संगणकाचा आयपी पत्ता लिहिल्यावर फोल्डर उघडते, परंतु नाव लिहिल्यावर उघडत नाही, तर दोष केवळ नाव शोधण्याच्या यंत्रणेत आहे. ही एकच चाचणी बराच वेळ वाचवते. 'नेटवर्क' या खिडकीत संगणकांची यादी रिकामी दिसणे म्हणजे सामायिकीकरण बंद पडणे नव्हे. ती यादी पूर्वी जुन्या एसएमबी १ वर अवलंबून असलेली सेवा तयार करीत असे. नव्या प्रणालींत ते काम 'फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन' ही सेवा करते. ती बंद असल्यास संगणक यादीत दिसत नाही, पण पत्ता दिल्यास उघडतो.

३) दार व भाषा : नवीन जाळ्याशी जोडणी होताना विंडोज ते 'सार्वजनिक' की 'खाजगी' हे ठरविते. कार्यालयाचे जाळे 'सार्वजनिक' म्हणून नोंदले गेल्यास फायरवॉल फोल्डरची वाट बंद ठेवते. त्रुटी क्रमांक ५३ अथवा ०एक्स८००७००३५ हा संदेश पुष्कळदा याच कारणाने येतो. यावर फायरवॉल पूर्ण बंद करणे हा उपाय नाही. जाळ्याचा प्रकार 'खाजगी' करून 'फाइल अँड प्रिंटर शेअरिंग' एवढीच वाट मोकळी करणे पुरेसे असते. पिंगला उत्तर न येणे हा जोडणी नसल्याचा निर्णायक पुरावा मानू नये, कारण फायरवॉल पिंग अडवू शकते.

भाषेचा प्रश्न जुन्या आणि नव्या यंत्रांच्या सहवासातून उद्भवतो. एसएमबी १ ही आवृत्ती असुरक्षित ठरल्याने मायक्रोसॉफ्टने २०१७ च्या अखेरीस आलेल्या विंडोज १० च्या आवृत्तीपासून ती टप्प्याटप्प्याने काढून घेण्यास सुरुवात केली. विंडोज एक्सपीवरील जुना संगणक किंवा स्कॅन केलेले कागद थेट फोल्डरमध्ये पाठविणारे जुने झेरॉक्स यंत्र नव्या संगणकाशी अचानक बोलेनासे होते, त्याचे कारण बहुधा येथे सापडते. २०२४ मध्ये आलेल्या विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीने प्रत्येक संदेशावर सांकेतिक स्वाक्षरी असण्याची अट घातली. ज्या साठवण यंत्रांना ही स्वाक्षरी जमत नाही, त्यांची जोडणी तेव्हापासून अडते.

४) ओळख : पूर्वी पासवर्ड न विचारता 'पाहुणा' म्हणून फोल्डर उघडणे सर्रास चालत असे. नव्या आवृत्त्यांनी ही वाट बंद केली आहे. ज्या खात्याला पासवर्डच नाही, त्या खात्याने त्याच संगणकासमोर बसून काम करता येते, पण जाळ्यावरून आत येता येत नाही. ही विंडोजची मूळ मांडणी आहे. संगणक सुरू करताना वापरला जाणारा चार अंकी पिन येथे चालत नाही, खात्याचा खरा पासवर्डच द्यावा लागतो. त्रुटी क्रमांक १३२६ म्हणजे नाव किंवा पासवर्ड चुकीचा आहे. क्रमांक १२१९ म्हणजे त्याच संगणकाशी आधीच दुसऱ्या नावाने जोडणी झालेली आहे. अशा वेळी जुनी जोडणी तोडून आणि 'क्रेडेन्शियल मॅनेजर'मधील साठवलेली जुनी नोंद पुसून नव्याने प्रवेश करावा. डोमेन पद्धतीच्या जाळ्यात दोन संगणकांच्या घड्याळांत पाच मिनिटांहून अधिक फरक पडला तरी ओळख नाकारली जाऊ शकते. मदरबोर्डवरील बॅटरी संपलेल्या संगणकांत हा दोष आढळतो.

५) अधिकार : त्रुटी क्रमांक ५, म्हणजे 'प्रवेश नाकारला आहे', या संदेशाचा अर्थ आधीचे टप्पे सामान्यतः पार पडले आहेत, असा होतो. येथे दोन वेगळ्या परवानग्या लागू होतात. एक सामायिकीकरणाची आणि दुसरी डिस्कवरील फोल्डरची, म्हणजे एनटीएफएसची. दोहोंपैकी जी अधिक कडक, ती अमलात येते. सामायिकीकरणात 'बदल' करण्याची आणि डिस्कवर केवळ 'वाचन' करण्याची परवानगी असेल, तर वापरकर्त्यास वाचनच करता येते. दुसरी एक बाब सहसा लक्षात येत नाही. त्याच ड्राइव्हवरील फाइल 'कट' करून सामायिक फोल्डरमध्ये आणली, तर ती आपल्या जुन्या परवानग्या सोबत आणू शकते. 'कॉपी' केलेली फाइल नव्या फोल्डरच्या परवानग्या स्वीकारते. फोल्डर उघडते, पण त्यातील एकच फाइल उघडत नाही, या तक्रारीचे मूळ बहुधा येथे असते.

याखेरीज संख्येची मर्यादाही लक्षात घ्यावी लागते. साध्या संगणकासाठीची विंडोज एका वेळी ठरावीकच जोडण्या स्वीकारते. एक्सपी प्रोफेशनलमध्ये ही मर्यादा १० होती, विंडोज ७ पासून ती २० आहे. निकालाच्या दिवसांत काहींना फोल्डर उघडते आणि काहींना उघडत नाही, तेव्हा त्रुटी क्रमांक ७१ कडे पाहावे.

सोप्या उपायाचा धोका

घाईच्या वेळी केले जाणारे उपाय ठरलेले आहेत : 'एव्हरीवन'ला 'फुल कंट्रोल' देणे, फायरवॉल बंद करणे, एसएमबी १ पुन्हा सुरू करणे आणि सर्व संगणकांवर एकच पासवर्ड ठेवणे. यांतील प्रत्येक उपाय त्रुटी घालवतो हे खरे, परंतु त्याची किंमत २०१७ या वर्षाने दाखवून दिली. एसएमबी १ मधील उणीव दूर करणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी प्रसिद्ध केली होती. ज्यांनी ती बसविली नाही, त्यांच्या संगणकांत १२ मे रोजी 'वॉनाक्राय' शिरला आणि कोणीही काही न उघडता एका संगणकावरून दुसऱ्यावर पसरला. २७ जूनला आलेल्या 'नॉटपेट्या'ने त्याच उणिवेचा उपयोग केला. शिवाय एका संगणकावर सापडलेले पासवर्ड वापरून तो दुरुस्ती केलेल्या संगणकांतही गेला. त्याचा फटका जागतिक जहाज कंपनी मर्स्कला बसला आणि न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील तिच्या समूहाच्या टर्मिनलचे काम विस्कळीत झाले. परदेशात सुरू झालेला उपद्रव रायगड जिल्ह्यातील कंटेनरपर्यंत पोहोचला, तो संगणकांच्या परस्पर जोडणीमुळेच.

महाविद्यालयाच्या फोल्डरमध्ये विद्यार्थ्यांचे पत्ते, जात प्रमाणपत्रांच्या प्रती, बँक खात्यांचे तपशील आणि गुण असतात. 'सर्वांना सर्व अधिकार' याचा अर्थ यांपैकी कोणतीही नोंद कोणालाही बदलता अथवा पुसता येईल, आणि ती कोणी बदलली हे निश्चित सांगणे कठीण होईल. एका विद्यार्थ्याचा अंतर्गत गुण बदलला गेल्यास त्याचे उत्तर संबंधित प्राध्यापकालाच द्यावे लागते. त्यामुळे हा विषय केवळ संगणक सहायकाचा राहत नाही.

तपासणीचा क्रम

१) संदेशातील त्रुटी क्रमांक जसाच्या तसा लिहून घ्यावा.
२) अडचण एकाच संगणकावर आहे की सर्वांवर, हे पाहावे. सर्वांवर असल्यास दोष फोल्डर ठेवणाऱ्या संगणकात, एकावर असल्यास सहसा त्या संगणकात शोधावा.
३) दोन्ही संगणकांचे आयपी पत्ते तपासावेत.
४) आधी पत्त्याने व नंतर नावाने फोल्डर उघडून पाहावे.
५) जाळ्याचा प्रकार व पोर्ट ४४५ तपासावे.
६) प्रत्येक व्यक्तीच्या स्वतंत्र खात्याने व पासवर्डने प्रवेश करून पाहावा.
७) शेवटी दोन्ही परवानग्या पाहाव्यात. त्या व्यक्तींऐवजी 'परीक्षा विभाग', 'लेखा विभाग' अशा गटांना द्याव्यात.
८) एका वेळी एकच बदल करावा आणि तो नोंदवहीत लिहावा.

शेवटची सूचना किरकोळ वाटली तरी ती महत्त्वाची आहे. एकाच वेळी चार बदल केल्यास कशाने काम झाले हे कळत नाही आणि अनावश्यक उघडलेली दारे तशीच राहून जातात. सामायिक फोल्डरची एक प्रत जाळ्यापासून वेगळ्या केलेल्या डिस्कवर ठेवणे हेही याच शिस्तीचा भाग आहे.

समारोप

सामायिक फोल्डरची त्रुटी पडद्यावर एका ओळीत दिसत असली, तरी तिचे कारण पाचांपैकी कोणत्याही टप्प्यावर असू शकते. टप्पे खालून वर क्रमाने तपासल्यास दोष नेमका सापडतो आणि तेवढाच दुरुस्त करता येतो. क्रम सोडून सर्व काही खुले केल्यास आजची अडचण सुटते, पण माहितीवरील जबाबदारी कोणाचीच उरत नाही. कालव्याची दारे पाणी अडवण्यासाठी नसून ते ठरलेल्या शेतापर्यंत पोहोचवण्यासाठी असतात. संगणकातील परवानग्यांचा हेतूही तोच आहे.