पाणी गळणारे कोरडे डोळे

खळ्यावर जवळा पसरलाय आणि वारा दर्याकडून सुटलाय. मार्चचं ऊन अकराच्या आतच भाजायला लागलंय. समोर उंदेरी बेट, त्याच्यापलीकडे खांदेरी, आणि मधलं पाणी असं चकाकतंय की टक लावून बघवत नाही. एक मावशी खराट्याने जवळा खालीवर करतेय. दर फटक्याला बारीक भुकटी उडते, ती मान फिरवते, पदराच्या टोकाने डोळे पुसते आणि पुन्हा खराटा चालवते. पापण्यांच्या कडा लालबुंद आहेत.

‘‘खारा वारा हाय ना, डोले चुरचुरनारच,’’ ती म्हणते. थळच्या कोळीवाड्यात डोळ्यांच्या सगळ्या तक्रारींना हे एकच निदान चालतं. आज मात्र समाजमंदिरात डोळे तपासायला डॉक्टरीणबाई आल्यात, म्हणून मावशी खराटा भिंतीला टेकवून निघते. मीही मागोमाग.

आत पंखे गरगरताहेत. भिंतीवर अक्षरांचा तक्ता, त्यापुढे लांबलचक रांग. बहुतेकांना चष्मा नाहीतर मोतीबिंदू, ते भराभर पुढे सरकतात. रांग अडते ती चुरचुरणाऱ्या डोळ्यांपाशी, कारण तिथे डॉक्टरीणबाई औषधाआधी प्रश्नच फार विचारतात. चुरचुरतंय की खाजतंय? सकाळी जास्त की संध्याकाळी? उठल्यावर पापण्या चिकटतात का? रात्री पंखा कुठल्या बाजूला असतो? शेजारच्या बाकावरचे आजोबा कुजबुजतात, ‘‘पोलिसांवानी इचारते.’’ पण निम्मं निदान या प्रश्नांतच होतंय, हे थोडा वेळ बसलं की कळतं. मुख्य तक्रार खाजेची असेल तर बहुधा ॲलर्जी. सकाळी कडा चिकट आणि जड असतील तर पापण्यांचा दोष. दिवस कलेल तशी चुरचुर वाढत असेल तर डोळ्यांचा कोरडेपणा. अर्थात एकाच माणसात दोन-तीन कारणं गुण्यागोविंदाने नांदतातच.

मावशीची पाळी येते. डोळे कोरडे पडलेत म्हटल्यावर ती हसतेच. ‘‘कोरडे कशे? दिसभर पानी गलतंय!’’

बाई एक नारिंगी कागदी पट्टी ओली करून तिच्या खालच्या पापणीच्या आत टेकवतात, उघडझाप करायला सांगतात आणि निळा उजेड टाकतात. मलाही भिंगातून बघू देतात. बुबुळावर हिरवट, चकचकीत थर पसरलाय. ‘‘आता पापणी हलवू नका, मावशी.’’ मी मनात आकडे मोजायला लागतो. चारपर्यंत पोचायच्या आत त्या थरात काळे ठिपके उमटतात आणि ते पसरत जातात. अश्रूंचा थर तिथे फाटलाय. निरोगी डोळ्यात तो दहा सेकंदांच्या आसपास किंवा त्याहून जास्त टिकतो. तो फाटला की बुबुळ उघडं पडतं, झोंबतं, आणि मेंदू घाईघाईने पाण्याचा लोंढा सोडतो. पण या पाण्यात तेलाचा अंश पुरेसा नसतो. ते गालावरून ओघळून जातं आणि डोळा पुन्हा कोरडा.

ते तेल अडलंय कुठे, हेही लगेच दिसतं. पापण्यांच्या कडेला, पापणीच्या केसांच्या आतल्या बाजूला, बारीक ग्रंथींच्या तोंडांची एक ओळ असते. बाई कापसाच्या काडीने खालची पापणी हलकेच दाबतात. त्या तोंडांतून पातळ तेलाचा थेंब यायला हवा. येतं ते पांढरं, घट्ट, टूथपेस्ट नळीतून निघावी तसं. केसांच्या मुळाशी खवलेही धरलेत. खाऱ्या वाऱ्याचा, भुकटीचा हात आहेच. न्हाणीच्या चुलीत झावळ्या पेटवल्या की होणाऱ्या धुराचाही आहे. पण हे सगळं निभावून नेणारं तेलच थिजलंय.

उपाय ऐकून मावशीचा जरा विरस होतो, कारण त्यात इंजेक्शन नाही. स्वच्छ फडकं सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून पिळायचं आणि मिटल्या डोळ्यांवर पाच ते दहा मिनिटं ठेवायचं. गार झालं की पुन्हा बुडवायचं. मग वरची पापणी खालच्या दिशेने आणि खालची वरच्या दिशेने बोटाने हळुवार चोळायची, कडा ओल्या कापसाने पुसायच्या. रोज, काही आठवडे. जोडीला कृत्रिम अश्रूंचे थेंब, आणि ते दिवसातून चार-सहा वेळांहून जास्त लागत असतील तर बिनप्रिझर्वेटिव्हचे. कारण बाटलीतलं औषध टिकवणारं रसायनच वारंवार गेलं की डोळ्याला बोचतं. जवळ्याच्या हाताने आणि पदराने डोळे पुसणं बंद. खळ्यावर साधा, बाजूने झाकलेला चष्मा. ‘‘चस्मा लावून जवला वाल्वू? बाया हसतील,’’ मावशी म्हणते. ही अडचण बाईंच्या चिठ्ठीत मावणारी नाही.

पुढे एक तांडेल बसलेत. त्यांच्या उजव्या डोळ्यात नाकाकडच्या कोपऱ्यातून मांसल, गुलाबी त्रिकोण निघालाय आणि त्याचं टोक बुबुळावर चढलंय. वडस. आयुष्यभर ऊन, वारा आणि पाण्यावरून परतणारा उजेड झेलणाऱ्यांना तो जास्त होतो. मच्छीमार आणि शेतकरी यात पुढे. उंचवट्यामुळे अश्रू नीट पसरत नाहीत, म्हणून डोळा सारखा लाल. लहान असेल तर थेंब, काठाची टोपी आणि अतिनील किरण अडवणारा गॉगल पुरतो. बुबुळाच्या मध्याकडे सरकायला लागला तर शस्त्रक्रिया. नुसता कापला तर पुष्कळदा परत येतो, म्हणून त्या जागी त्याच माणसाच्या डोळ्यातलं पातळ आवरण बसवतात. ‘‘म्हंजे माज्याच डोल्याचं ठिगल?’’ तांडेल खूश होतात. जाळ्याचं ठिगळ त्यांना नवं नाही.

एक आजी जुनी आठवण काढतात. लहानपणी खुपऱ्या, म्हणजे ट्रॅकोमा, झाल्या की पापणी उलटी करून मोरचूद घासायचे, आणि त्या किंचाळायच्या. खुपऱ्यांनी एके काळी देशभरात लाखो डोळे घालवले. 1963 साली सरकारने त्याविरुद्ध स्वतंत्र कार्यक्रम हाती घेतला. ऑक्टोबर 2024 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातून खुपऱ्यांचं सार्वजनिक आरोग्याला भेडसावणारं रूप संपल्याचं मान्य केलं. आजींना हे सांगितलं तर त्या म्हणतात, ‘‘बरा झाला.’’ आणखी काही नाही.

आता नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा. खुर्चीत बसल्या बसल्या दोन्ही मुठींनी डोळे चोळतोय. पांढरा भाग मळकट तपकिरी झालाय. दर उन्हाळ्यात हेच होतं, असं आई सांगते. बाई वरची पापणी उलटतात, आत खडबडीत गाठी आहेत. ही ऋतूबरोबर उसळणारी ॲलर्जी. मुलांत जास्त दिसते आणि वयात येताना बहुतेकांची ओसरते. तोवर गार पाण्याची पट्टी, ॲलर्जीचे थेंब, आणि चोळणं बंद. वर्षानुवर्षं चोळून बुबुळ टोकदार होऊ शकतं आणि मग चष्म्यानेही नीट दिसत नाही.

‘‘पण आमच्याकडे चांगलं औषध हाय,’’ आई पिशवीतून बाटली काढते. मेडिकलमधून आणलेली, चिठ्ठीशिवाय. दोन थेंबांत लाली जाते, पोरगं शांत. शेजारणीनेही तीच नेली.

बाई बाटली उजेडात धरतात आणि लेबल वाचतात. डेक्सामेथासोन, म्हणजे स्टेरॉइड. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढतो. ‘‘किती महिने घालताय?’’ आईला नक्की आठवत नाही. मागच्या शिमग्यापासून, मधेमधे. मुलाच्या डोळ्यांचा दाब मोजायला यंत्र पुढे येतं. आकडा बाई मोठ्याने सांगत नाहीत, चिठ्ठीवर लिहितात आणि उद्याच अलिबागला जिल्हा रुग्णालयात न्यायला बजावतात. स्टेरॉइड वाईट नाही. कधीकधी तेच डोळा वाचवतं. पण देखरेखीशिवाय महिनोन्‌महिने गेलं तर दाब वाढून काचबिंदू होतो, मोतीबिंदूही होतो, आणि काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. दुखत नाही म्हणून कळतही नाही. भाताचं कुसळ लागून बुबुळावर बुरशी धरली असेल आणि वर हे थेंब पडले, तर डोळाच जायचा. नुसती लाली घालवणारे थेंबही सारखे वापरले की उलटतात. ते थांबवताच डोळा आधीपेक्षा लाल.

माझं मत विचाराल तर मध, एरंडेल, गुलाबपाणी यांच्यावर जेवढं हसलं जातं त्याच्या निम्मी नजर तरी या बाटलीवर ठेवायला हवी. घरगुती उपायांची तरफदारी मी करत नाही, डोळ्यात निर्जंतुक नसलेलं काहीही घालू नये. पण ही बाटली मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय येते आणि औषध म्हणून वर्षभर चालते.

बाहेर ओट्यावर तीन पोरं मोबाइलवर वाकलीत. एकाचेही डोळे मिनिटाला पाच-सहा वेळांवर मिटत नाहीत. एरवी माणूस पंधरा-वीस वेळा पापणी मिटतो. त्यांनाही चुरचुर आहेच, आणि कारण विचारलं तर खारा वाराच.

घरी डोळ्याच्या औषधाची बाटली असेल तर आज खोक्यावरचं नाव वाचा. डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन किंवा बीटामेथासोन दिसलं आणि डॉक्टरांनी दिलेलं नसेल, तर परस्पर चालू ठेवू नका; बाटलीसकट नेत्रतज्ज्ञाकडे जा आणि डोळ्यांचा दाब मोजून घ्या. उघडून महिना झालेली बाटली फेकून द्या. आणि लालीबरोबर दुखणं, अंधुक दिसणं किंवा उजेड सहन न होणं यांपैकी काहीही असेल, तर शेक, थेंब, शिबिर यांची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठा.